धाकट्याला या कामातून मोकळं करा

पत्र : माझी मुलगी 14 वर्षांची आहे, मुलगा 9 वर्षांचा. गेल्या वर्षभरात मुलगी पार बदलली आहे. खोलीचं दार लावून बसते, काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणाली आणि प्रत्यक्षात तीन-चार जणांच्या घोळक्यात मैदानावर गप्पा मारत बसली होती. गणिताच्या चाचणीत नापास झाली, तो पेपर गादीखाली लपवला. रात्री दहाला मोबाईल खोलीबाहेर ठेवायचा असा नियम आहे, तर घरातला जुना फोन चार्ज करून पांघरुणात वापरत होती. बरं झालं, धाकटा येऊन सगळं सांगतो, म्हणून निदान कळतं तरी. मी रागावले की ती रडत नाही, वाद घालत नाही, नुसती बघत राहते. स्वार्थी तर इतकी झाली आहे की लहानपणापासून दोघं एका खोलीत झोपायची, आता तिने त्याला बाहेर काढलं. तो बिचारा हॉलमध्ये झोपतो. मी तिची मैत्रीण होऊन पाहिलं, शिक्षा करून पाहिली. तिचे बाबा म्हणतात, वय आहे, जाईल. तिला खोटं बोलण्यापासून कसं थांबवू?
— काळजीत पडलेली आई

उत्तर :

तुमचं जवळजवळ सगळं पत्र मुलीबद्दल आहे. मुलगा त्यात दोनदाच येतो. एकदा तुम्हाला बातम्या देताना आणि एकदा हॉलमध्ये अंथरूण घालून झोपताना. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तुमच्या मनातही आलेलं दिसत नाही. मला मात्र तुमचं पत्र वाचून मुलीपेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते आहे.

मैदानावरचा घोळका, गादीखालचा पेपर, पांघरुणातला फोन. यातलं काहीही तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही आणि मुलीने तुम्हाला सांगितलेलं नाही. 9 वर्षांचा मुलगा तुमच्यासाठी बहिणीवर पाळत ठेवतो आहे. हे काम तुम्ही त्याला ठरवून दिलं असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा तो सहज काहीतरी बोलून गेला असेल. पण त्यानंतर काय झालं ते आठवा. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलं असेल, त्याच्याकडे पूर्ण वळला असाल, "अजून काय करत होती?" असं विचारलं असेल. त्या दिवशी त्याने सांगितलेल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला एवढं लक्ष मिळालं नसणार. शाळेत चित्र काढलं, मित्राशी कट्टी झाली, दात हलतोय, या सगळ्यावर "हो का, बरं" एवढंच. ताईचं नाव काढलं की मात्र आई सगळीच्या सगळी त्याची. हे ओळखायला नऊ वर्षांच्या मुलाला फार दिवस लागत नाहीत. मग विचारावंही लागत नाही, तो आपणहून बातमी आणतो. बातमी नसेल तेव्हा ती शोधायला जातो. गादीखाली पेपर आहे हे त्याला कसं कळलं असेल, याचा विचार केलात का? तो तिथे हात घालून बघत होता.

आणि मुलीने त्याला खोलीतून काढलं म्हणून तुम्ही तिला स्वार्थी म्हणता! मला तिचं वागणं पूर्ण समजतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस आपलं सगळं बोलणं साहेबांच्या कानावर घालतो असं कळलं, तर तुम्ही टेबल बदलून मागाल. तिने तेच केलं. तुम्ही रागावता तेव्हा ती गप्प का बघत राहते, हाही प्रश्न त्यामुळे सुटतो. तुम्हाला कुठून कळलं हे तिला माहीत असतं. तुम्ही तिच्याकडे खरेपणा मागत असता आणि त्याच वेळी तिच्या पाठीमागे काय चाललं आहे हे ती जाणून असते. अशा वेळी ती काय बोलणार?

"पण मग मला कळणार कसं?" हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तो रास्त आहे, आईला कळायला हवंच. स्वीडनमध्ये काम करणारे हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर हे दोन मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या मागे लागले होते. त्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यातली मुलं तुमच्या मुलीच्याच वयाची होती, 14 वर्षांची. तोपर्यंत तज्ज्ञही असं धरून चालत की ज्या मुलांबद्दल आईवडिलांना नीट माहिती असते ती कमी भरकटतात, म्हणजेच आईवडिलांनी लक्ष ठेवल्याचा हा परिणाम. या दोघांनी एक पायरी मागे जाऊन विचारलं, की ही माहिती आईवडिलांना मिळते कुठून? खोदून विचारून, नियम घालून, की मुलं आपणहून सांगतात म्हणून? उत्तर असं निघालं की सगळ्यात जास्त ती मुलांनी आपणहून सांगितलेली असते. मुलं न भरकटण्याचा संबंधही सगळ्यात जास्त त्या सांगण्याशीच होता. खोदून विचारणं आणि नियम घालणं त्यापुढे मागे पडलं.

आता धाकट्याने आणलेली बातमी यात कुठे बसवाल? तुम्हाला गोष्ट कळते, पण मुलीने सांगितलेली नसते. उलट अशी प्रत्येक बातमी तिचं सांगणं आणखी लांब ढकलते. गणितात नापास झाल्याचं कदाचित ती दोन दिवसांनी, धीर गोळा करून, स्वतः सांगणार होती. ती संधी तिला मिळालीच नाही. तिने तोंड उघडायच्या आधीच तुम्ही पेपर हातात घेऊन उभ्या होतात.

तरीही मी पुन्हा मुलाकडेच येते, कारण या सगळ्यात सर्वात जास्त गमावलं आहे ते त्याने. वर्षभरापूर्वीपर्यंत त्याच्या शेजारी रोज रात्री त्याची ताई होती. अंधारात तिच्याशी बोलायला मिळत होतं. आईबाबांना न सांगता येणाऱ्या बारीकसारीक भीती मुलं अशाच वेळी मोठ्या भावंडाला सांगतात. ते गेलं. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं? तुमची पाच मिनिटं, तीही बहिणीच्या नावावर. आईवडील माणसाला आयुष्याच्या पूर्वार्धात पुरतात, जोडीदार आणि मुलं पुढे येतात. बहीणभाऊ हेच एक नातं असं आहे की ते बहुतेकांना लहानपणापासून म्हातारपणापर्यंत पुरू शकतं. तुमच्या मागे या दोघांना एकमेकांचाच आधार असणार आहे. त्या आधाराच्या बदल्यात गणिताच्या एका चाचणीची बातमी मिळवणं हा फार वाईट सौदा आहे.

शिवाय पाच वर्षांनी तोही 14 वर्षांचा होईल. सांगितलेल्या गोष्टीचं या घरात पुढे काय होतं, हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा तो तुम्हाला काय सांगेल असं वाटतं?

म्हणून तुम्ही आता एकच करायचं आहे. आज संध्याकाळी मुलाला जवळ घ्या, एकट्याला, आणि या कामातून मोकळं करा. शब्द साधे ठेवा. "ताईबद्दल तू मला सांगत होतास, मी ऐकत होते, विचारतही होते. चूक माझी होती, तुझी नाही. आजपासून ताईचं ताई सांगेल. तुला ते काम नाही." तो घाबरेल, आपल्याला बोलणी बसणार असं त्याला वाटेल. म्हणून "तुझी नाही" हे दोनदा म्हणा. त्याला चहाडखोर म्हणू नका, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधी रागाच्या भरातही नाही. हे तुम्ही त्याला शिकवलं आहे, त्याच्यावर त्याचा शिक्का नको.

एक अपवाद मात्र त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवा, कारण गप्प राहणं हाच नियम आहे असं लहान मुलाला वाटता कामा नये. ताईला किंवा कुणालाही लागलं असेल, ती स्वतःला इजा करून घेत असेल, जिवाबद्दल काही वेडंवाकडं बोलत असेल, कुणी त्रास देत असेल, कुणी मोठं माणूस "हे घरी सांगू नकोस" म्हणत असेल, तर लगेच, अर्ध्या रात्री उठवूनसुद्धा सांगायचं. कुणाला वाचवायला सांगणं वेगळं आणि कुणाला बोलणी बसावीत म्हणून सांगणं वेगळं. हा फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळतो. फक्त मोठ्यांनी तो पाळला पाहिजे.

मग त्याच संध्याकाळी मुलीकडे जा. दारावर टकटक करा, ती ये म्हणेपर्यंत थांबा. "तुझ्याबद्दल मी धाकट्याकडून माहिती काढत होते. ते बंद केलं आहे, त्यालाही सांगितलं आहे. मला काही विचारायचं असेल तर मी तुलाच विचारीन." एवढं बोलून बाहेर या. "आता तूही खरं बोलायचं" असं शेवटी जोडू नका. ते जोडलंत की तिला हा व्यवहार वाटेल. तिने "बरं" एवढंच म्हटलं तरी चालेल. भावाला खोलीत परत घे असंही सांगू नका. तिला खात्री पटेल तेव्हा ती स्वतः घेईल, कदाचित नाहीही घेणार. 14 व्या वर्षी स्वतःची खोली हवीशी वाटणं यात गैर काही नाही. त्याला हॉलमध्ये एक कोपरा नीट त्याचा म्हणून लावून द्या, पाहुण्यासारखं रोज अंथरूण उचलायला लावू नका.

कठीण भाग दोनतीन दिवसांनी येईल. तो सवयीने धावत येईल आणि "आई, ताईने काय केलं माहितीये?" असं म्हणेल. त्या क्षणी तुमचे कान टवकारणार, हे तुम्हालाही माहीत आहे. तरी थांबवा. "ते ताईचं झालं. तुझं सांग." आणि मग त्याचं खरंच ऐका. हातातलं काम तसंच खाली ठेवा, तसंच पूर्ण वळा, "अजून काय झालं?" तसंच विचारा. हलणाऱ्या दाताबद्दल, कट्टी केलेल्या मित्राबद्दल. हे केलं नाहीत तर तुम्ही त्याच्याकडून काम काढून घ्याल आणि त्याबरोबर तुमचं लक्षही. मग त्याच्यासाठी ती शिक्षाच होईल. आणि चुकून एखादी बातमी कानावर पडलीच, तर ती वापरायची नाही. मुलीला टोमण्यातूनही कळू द्यायची नाही.

यात नियम सोडा असं मी म्हणत नाही. रात्रीच्या फोनचा नियम योग्य आहे, तो राहू द्या. 13 ते 18 वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते आणि पांघरुणातला फोन ती खातो. पण नियम पाळला जातो की नाही हे बघणं तुमचं काम आहे. दहा वाजता जुना आणि नवा, दोन्ही फोन तुम्ही स्वतः मागून घ्या, उघडपणे, आणि तुमचाही त्यांच्याशेजारी ठेवा. गणिताचं काय चाललं आहे हे हवं असेल तर तिला सांगून तिच्या शिक्षकांना भेटा. मोठ्यांची कामं मोठ्यांनी, समोरून करायची. किशोरवयीन मुलांवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या जुडिथ स्मेटाना यांच्या कामातून दिसतं की सुरक्षिततेच्या बाबतीत आईवडिलांनी नियम करावेत हे या मुलांनाही मान्य असतं. खटके उडतात ते मैत्री, कपडे, खोली अशा, त्यांना स्वतःच्या वाटणाऱ्या गोष्टींवरून. मैदानावर मैत्रिणींसोबत गप्पा मारणं मी तरी त्यातच धरीन. ती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, तिथे काय बोलली हे नाही.

तिची मैत्रीण व्हायचा प्रयत्न सोडून द्या, मैत्रिणी तिला आहेत. आणि तिचे बाबा घरी आल्यावर "आज ताईने काय केलं रे?" असं मुलाला विचारत असतील, तर हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. एकाने थांबवून भागणार नाही.

तिला खोटं बोलण्यापासून कसं थांबवायचं, याचं उत्तर मी आज मुद्दाम देत नाही. तुम्हाला आज जे ठाऊक आहे ते सगळं तिच्या पाठीमागून आलेलं आहे, त्याच्या आधाराने तिच्याशी काही नीट बोलता येणार नाही. आधी हे करा. महिना-दोन महिने धाकट्याकडून काहीही न ऐकता काढा, मग तिच्याबद्दल मला पुन्हा लिहा. त्या पत्रात तिने स्वतः सांगितलेली एखादी गोष्ट असली, कितीही किरकोळ असली, तरी तिथून पुढे आपण बोलू. आणि मुलगा कसा आहे, हेही या वेळी सविस्तर लिहा.