इतके शांतता करार होऊनही इस्रायल-पॅलेस्टाईनमधल्या साध्या माणसाचे हाल का थांबत नाहीत?

प्रश्नकर्त्याने विचारलंय की १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांत ओस्लो करार झाला, त्यासाठी नोबेल दिलं गेलं, नंतर कितीतरी वेळा शस्त्रसंधी झाली, तरी तिथल्या सामान्य लोकांच्या हाती काहीच का लागत नाही? दोन्हीकडच्या लोकांना लढाईच हवी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लोकांना लढाई नको आहे. निदान मला ज्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं त्यांना तरी नको होती. पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल, कारण माझ्या मते सगळं दुखणं ‘तात्पुरतं’ या एका शब्दात आहे आणि तो शब्द मी एका पॅलेस्टिनी माणसाकडून शिकलो.

मी राजकारणाचा अभ्यासक नाही. पेशाने ड्राफ्ट्समन. १९८३ ते १९९० कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत होतो. आमचा सर्व्हेयर पॅलेस्टिनी होता, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. जन्म मजदलचा. ते गाव आज इस्रायलच्या अश्केलोन शहरात आहे. वडील विणकर, मजदलचं कापड तेव्हा त्या भागात नावाजलेलं होतं. १९४८ च्या युद्धात गावातले बहुतेक लोक बाहेर पडले, उरलेल्यांना १९५० मध्ये तेव्हा इजिप्तच्या ताब्यात असलेल्या गाझात पाठवण्यात आलं. तेव्हा हा सहा वर्षांचा. मागावरचं अर्धं विणलेलं कापड वडिलांनी तसंच ठेवलं होतं, परत आल्यावर पुरं करू म्हणून. मजदल ते गाझा अंतर साधारण अलिबाग ते रेवदंड्याएवढं. तेवढं अंतर त्याच्या वडिलांना मरेपर्यंत पुन्हा कापता आलं नाही.

त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. इजिप्तने गाझातल्या निर्वासितांना दिलेला एक प्रवासाचा कागद होता, आणि गंमत नाही सांगत, त्या कागदावर खुद्द इजिप्तमध्येही व्हिसाशिवाय शिरता यायचं नाही. १९६६ मध्ये तो नोकरीसाठी कुवेतला आला. पुढच्या वर्षी इस्रायलने गाझा घेतलं आणि लगेच शिरगणती केली. गणतीच्या वेळी जो हजर नव्हता तो तिथला रहिवासी राहिला नाही. म्हणजे मजदल १९५० मध्ये सुटलं आणि गाझा एका नोंदवहीत नाव नाही म्हणून गेलं. तो म्हणायचा, आमच्याकडे सगळं ‘मुअक्कत’ असतं. मुअक्कत म्हणजे तात्पुरतं.

पुढे वाचत गेलो तसं कळलं की हा त्याचा वैताग नव्हता, ती शब्दशः वस्तुस्थिती होती. १९४९ चे युद्धविराम करार बघा. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी ऱ्होड्स बेटावर इजिप्त आणि इस्रायलमध्ये जो करार घडवला, त्यात स्पष्ट लिहिलंय की ही रेषा म्हणजे राजकीय सीमा समजू नये. निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी काढलेली संस्था, उनर्वा, मे १९५० पासून काम करते. तिची मुदत आजतागायत दर तीन वर्षांनी वाढवली जाते. पंच्याहत्तर वर्षं झाली. त्या संस्थेच्या शाळेत शिकलेल्यांची नातवंडं आता त्याच शाळेत जातात.

माझ्या पेशातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल हे दोन लष्करी अधिकारी एका नकाशावर बसले आणि आपापल्या फौजा कुठे आहेत त्याच्या रेघा त्यांनी मेणाच्या जाड पेन्सिलींनी ओढल्या, एकाने हिरवी, एकाने लाल. नकाशाचं प्रमाण एकास वीस हजार. रेघेची जाडी तीन-चार मिलिमीटर. मांडा गणित: जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. त्या रुंदीत घरं होती, गल्ल्या होत्या, माणसं राहत होती. ती कोणत्या देशात, हे त्या नकाशावरून सांगता येत नव्हतं. दोघांनीही हे कच्चं काम समजून केलं होतं. पुढच्या वर्षी त्याच रेघा कराराला जोडल्या गेल्या आणि जेरुसलेम एकोणीस वर्षं त्यांवरच दुभंगून राहिलं. आमच्या हाताखालच्या पोराने अशी रेघ मारली असती तर आम्ही ट्रेसिंग फाडून पुन्हा काढायला लावली असती.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत घेतलं. आम्ही भारतीय बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर पोचलो, तंबूत दिवस काढले, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आलो. असे सुमारे १ लाख ७० हजार लोक परत आले. माझी नोकरी गेली, साठवलेले पैसे गेले, पण सहारच्या विमानतळावर कोणी मला अडवलं नाही. पासपोर्टवर शिक्का बसला आणि मी घरी गेलो. तो मात्र कुवेतमध्येच राहिला. जाणार कुठे? त्यात पॅलेस्टिन्यांचे नेते यासर अराफत सद्दामच्या बाजूला झुकले. त्या एका निर्णयाची किंमत कुवेतमधल्या जवळपास चार लाख पॅलेस्टिन्यांनी भरली. युद्ध संपल्यावर बहुतेकांना देश सोडावा लागला. जॉर्डनचे पासपोर्ट होते ते अम्मानला गेले. गाझावाल्यांचं घोडं पुन्हा त्या कागदापाशीच अडलं.

जानेवारी १९९४ मध्ये मला त्याचं पत्र आलं, लिबियातून. चार महिन्यांपूर्वी, १३ सप्टेंबर १९९३ ला, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ओस्लो करारावर सह्या होऊन इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि अराफत यांचं हस्तांदोलन झालं होतं. पत्रात आनंद मावत नव्हता. पाच वर्षांत सगळं ठरेल, मी गाझात घर बांधणार, प्लॅन तू काढून दे. सोबत हाताने काढलेलं कच्चं रेखाटन. खाली तीन खोल्या, मागे अंगण. कॉलमच्या सळया वर मोकळ्या सोड असं मुद्दाम लिहिलं होतं, म्हणजे पोरं पुढे मजले चढवतील. प्लॉटचं माप विचारलं होतं मी, त्याचं उत्तर यायचं राहिलं, तरी मी अंदाजाने प्लॅन काढला आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. सप्टेंबर १९९५ मध्ये गद्दाफीने ओस्लो करार किती पोकळ आहे हे जगाला दाखवण्यासाठी लिबियातल्या पॅलेस्टिन्यांना हाकलायला सुरुवात केली. इजिप्तच्या सीमेवर शेकडो माणसं किती तरी महिने तंबूत अडकून होती. मला पुन्हा पत्र आलं नाही.

आता ओस्लोत नेमकं काय होतं ते बघू. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा: ज्याच्यासाठी माणसं मरत होती ते सगळं ‘नंतर’वर टाकलं. आधी पाच वर्षांचा अंतरिम काळ, मग अंतिम बोलणी. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकचे, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या पॅलेस्टिनी भागाचे, ए, बी, सी असे भाग केले. तो नकाशा मी छापून घेऊन पाहिलाय. जाळीदार घावन डोळ्यांसमोर आणा. भोकं म्हणजे ए आणि बी, पॅलेस्टिनी प्रशासनाकडे दिलेले दीडशेहून अधिक सुटे तुकडे. सलग पीठ म्हणजे सी, आज जवळजवळ साठ टक्के जमीन, पूर्ण इस्रायली ताब्यात. हा भाग हळूहळू हस्तांतरित व्हायचा होता. अंतरिम मुदत मे १९९९ मध्ये संपली, आणि २००० नंतर नकाशा तोच राहिला. सी भागात पॅलेस्टिनी माणसाला एक खोली वाढवायची तरी इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो आणि तो जवळपास मिळतच नाही. याच काळात ज्यू वसाहती मात्र वाढत गेल्या. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये लाखभर वसाहतवासी होते, आज ते पाच लाखांच्या घरात आहेत. हे तात्पुरतं म्हणून कोणी मानायचं?

आणि ज्यांना करार नकोच होता त्यांना या पाच वर्षांची मोकळीकच मिळाली. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टीन या ज्यू वसाहतवाशाने हेब्रॉनमध्ये नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलपासून हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेचे आत्मघाती स्फोट इस्रायलच्या आत सुरू झाले. १९९६ मध्ये जेरुसलेमच्या १८ नंबरच्या बसमध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोनदा. राबिनना ४ नोव्हेंबर १९९५ ला एका ज्यू माणसानेच मारलं. प्रश्न भिजत घोंगड्यासारखा पडून असला की प्रत्येक बंदूकवाल्याला वाटतं, अजून आपल्याला निकाल फिरवता येईल.

यावर कोणी म्हणेल, त्या दोघांचं कधी पटणारच नाही. मग इजिप्तचं बघा. १९७९ चा इजिप्त-इस्रायल करार आजही टिकून आहे, तो करणारे इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या झाली तरी टिकला. कारण त्यात सीमा कुठली हे लिहिलं होतं आणि एप्रिल १९८२ पर्यंत इस्रायलने इजिप्तचा सिनाई प्रदेश सोडायचा ही तारीख लिहिली होती. ‘ताबा’ नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या पट्ट्यावरून वाद उरला, सीमेचा ९१ नंबरचा खांब नेमका कुठे होता यावरून. सैन्य पाठवलं नाही. जिनिव्हात लवाद बसला, जुने नकाशे-फोटो तपासले, १९८८ मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि इस्रायलने तो पट्टा परत दिला. गंमत अशी की ज्या कॅम्प डेव्हिड बैठकीतून हा करार निघाला, तिथेच पॅलेस्टिन्यांसाठीही एक आराखडा ठरला होता. त्यात काय होतं? पाच वर्षांचा संक्रमणकाळ. तो कधी सुरूच झाला नाही.

दुसऱ्या बाजूचंही मी जवळून ऐकलंय. अलिबागच्या इस्रायल आळीतला माझा बालमित्र, बेने इस्रायली म्हणजे कोकणातला ज्यू, सत्तरच्या दशकात तिकडे गेला. अश्दोदला राहतो, मराठी अजून आमच्या आगरी-कोकणी वळणाचीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा फोन आला तेव्हा तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, “थांब रे, जिन्यात बसलोय.” अश्दोदमध्ये भोंगा वाजल्यापासून ४५ सेकंद मिळतात. त्याची इमारत जुनी, घरात सुरक्षित खोली नाही, बायकोचे गुडघे गेलेले. म्हणून दोघं जिन्याच्या पायरीवर बसून राहतात. ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. मारलेल्यांत बेएरी किबुत्झच्या (सामुदायिक शेतीवस्तीच्या) व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गाझातल्या आजारी लोकांना इस्रायली इस्पितळात गाडीतून नेऊन सोडणाऱ्या. त्या ओलीस असतील म्हणून लोक आशेवर होते. पाच आठवड्यांनी अवशेषांवरून ओळख पटली. या कृत्याचं कुठल्याही इतिहासाने समर्थन होत नाही, असं मी मानतो.

आणि त्यानंतर गाझात जे झालं त्याचंही नाही. ३६५ चौरस किलोमीटरमध्ये बावीस लाख माणसं, त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त आधीच निर्वासित. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांवर मृत्यू. त्यात लढणारे आणि साधे लोक वेगळे काढलेले नाहीत, पण मुलं आणि बायका हजारोंनी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर झाला. पाऊस पडला नाही म्हणून आलेला हा दुष्काळ नव्हता. अन्नाचे ट्रक सीमेवर उभे होते. माझा मित्र तीन महिन्यांपूर्वी म्हणाला, “पोरं उपाशी मारून मला जिन्यातून उठता येणार आहे का?” त्याचा मुलगा याच कारणावरून त्याच्याशी भांडला. घराघरात असं आहे.

मधल्या शस्त्रसंधींचं काय झालं? जानेवारी २०२५ चा करार टप्प्याटप्प्यांचा होता. पहिला टप्पा ४२ दिवसांचा, ओलीस आणि कैदी सुटले, लोक चालत उत्तर गाझातल्या आपल्या ढिगाऱ्यांकडे परतले. युद्ध कायमचं संपवण्याची बाब दुसऱ्या टप्प्यावर ठेवली होती. तो टप्पा आलाच नाही. १८ मार्चला पुन्हा बॉम्ब पडले.

तेव्हा मला विचाराल तर प्रत्येक नव्या करारात मी फोटो आणि भाषणं बाजूला ठेवून दोन गोष्टी शोधतो: तारीख कुठली आणि रेघ कुठे. ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीत इस्रायली फौज ‘यलो लाइन’च्या मागे गेली. त्या रेषेने तेव्हा गाझाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग इस्रायली ताब्यात राहिला. जमिनीवर खूण म्हणून पिवळे काँक्रीटचे ठोकळे ठेवलेत, आणि नकाशावरची रेघ व ठोकळे काही ठिकाणी शेकडो मीटरनी चुकतात अशा बातम्या आल्या. आपलं मोडकं घर पाहायला निघालेल्या माणसांना रेषा ओलांडली म्हणून गोळ्या लागल्यात. ही रेषाही पुढच्या टप्प्यापर्यंतचीच आहे, असं सांगितलं गेलं.