मानवी घटक, मानवी अवयव आणि ह्यूमन फॅक्टर्स

प्रश्न असा आहे: यंत्र अभियांत्रिकीच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा परिचय मराठीत लिहायचा आहे. त्यांनी आयुष्यभर ‘ह्यूमन फॅक्टर्स’ (यंत्रं माणसाला नीट वापरता येतील अशी कशी घडवायची, याचं शास्त्र) शिकवलं आणि त्यातच संशोधन केलं. ‘मानवी घटकांवर संशोधन केले’ असं लिहिलं तर चालेल का?

व्याकरणाने चालेल, अर्थाने नाही. प्राध्यापक माणसाच्या रक्ताचा अभ्यास करत होते की स्वभावाचा, हे त्या वाक्यावरून कळत नाही. (तरी ‘घटक’ घेतलात ते बरं. गणितातल्या फॅक्टरला आपण ‘अवयव’ म्हणतो. तो घेतला असता तर सर थेट शल्यविशारद झाले असते.)

यात ‘घटक’ शब्दाचा मुळात दोष नाही. संस्कृत ‘घट्’ धातूपासून तो आला. आपलं ‘घडणं’ आणि ‘घटना’ही त्याच कुळातली. घटक म्हणजे घडवून आणणारा. बंगालीत लग्न जुळवणाऱ्यालाही घटकच म्हणतात. लॅटिनमध्ये ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा, तेव्हा व्युत्पत्तीने जोडा छान जमतो. पण आजच्या मराठीत घटक म्हणजे एखाद्या गोष्टीचा भाग: घटक पक्ष, अन्नघटक, घटक चाचणी. त्यातला ‘घडवणारा’ कधीच मागे पडला.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. अपघाताच्या संदर्भात ‘मानवी घटक कारणीभूत’ म्हटलं की आपण ‘माणूस चुकला’ असं वाचतो. हे शास्त्र तर नेमकं त्याच निष्कर्षावर शंका घेत उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ सारख्या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपांऐवजी चाकंच आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपानिस यांनी पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. त्यांनी चाकांच्या खटक्यावर छोटंसं चाक बसवलं आणि झडपांच्या खटक्यावर पाचर. हाताला न बघता फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि जोन्स यांनी अशा ४६० प्रसंगांचा अहवाल लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत आणि ‘फॅक्टर्स’ आहे तो त्या चुकांना हातभार लावणाऱ्या कारणांसाठी. मला ती अवतरणचिन्हं फार बोलकी वाटतात.

मग याच शास्त्राचं दुसरं नाव, ‘अर्गोनॉमिक्स’, का नको? शब्द जुना आहे. पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये ग्रीक ‘एर्गोन’ (काम) आणि ‘नोमोस’ (नियम) जोडून तो घडवला. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये मरेल यांनी तो नव्याने चालवला. अमेरिकेत ‘ह्यूमन फॅक्टर्स’ रुळलं, तिथली संस्था १९५७ मध्ये त्याच नावाने निघाली आणि नंतर तिने ‘अर्गोनॉमिक्स’ही नावात घेतलं. जाणकारांच्या लेखी दोन्ही जवळपास एकच. आपल्याकडे मात्र जाहिरातींनी अर्गोनॉमिक्सला खुर्ची, कीबोर्ड आणि कंबरदुखीत अडकवून टाकलंय.

विषय त्याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतले अभियांत्रिकीचे प्राध्यापक थॉमस शेरिडन यांचं बरंचसं काम खुर्चीबद्दल नव्हे, तर यंत्र स्वतःहून चालू लागल्यावर त्याच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाबद्दल होतं. १९७८ मध्ये त्यांनी व्हरप्लँक यांच्यासोबत स्वयंचलनाच्या दहा पायऱ्या मांडल्या: सगळं माणूस ठरवतो, इथपासून यंत्र माणसाला न विचारताच सगळं ठरवतं, इथपर्यंत.

या सगळ्याला मराठीत एक शब्द चपखल बसतो, ‘सांगड’. दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणत. एक होडी कलली तर दोष कुठल्या एकीचा नसतो, बांधणीचा असतो.

तेव्हा माझी सूचना: पहिल्या उल्लेखात ‘ह्यूमन फॅक्टर्स, म्हणजे माणूस आणि यंत्र यांची सांगड घालण्याचे शास्त्र’ असं लिहा, पुढे नुसतं ‘ह्यूमन फॅक्टर्स’. शास्त्राचं नाव म्हणून ते एकवचनी नपुंसकलिंगी चालवा: ‘ह्यूमन फॅक्टर्स शिकवलं जातं’, ‘शिकवले जातात’ नव्हे. ‘मानवी घटक’ परिचयात कुठे राहिलाच, तर तिथे खरं तर ‘कारणे’ म्हणायचंय का, तेवढं एकदा तपासा.