पेडलच्या डब्यावरील पहिले कोरीवकाम

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात राहतो, भजनांत आणि लग्नसमारंभांत गिटार वाजवतो. कार्यक्रमांसाठी एक फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी) मी स्वतः जोडले असून त्याचे सर्किट उत्तम चालते. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर नाव आणि नक्षी कोरावी म्हणून टोनरची (लेझर प्रिंटरच्या काळ्या भुकटीची) छाप इस्त्रीने उतरवली आणि सर्किट बोर्डासाठी आणलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये डबा १० मिनिटे ठेवायचे ठरवले. दुसऱ्याच मिनिटाला द्रावण उकळू लागले, तपकिरी फेस वर आला, टोनर सुटला आणि उठावदार राहायला हवी होती ती अक्षरेही खाल्ली गेली. माझे कोठे चुकले? बागेसाठी आणलेले मोरचूद (कॉपर सल्फेट) घरात आहे, ते या कामाला चालेल काय?

उत्तर : आपण तांब्याचे वेळापत्रक अ‍ॅल्युमिनियमला लावले, एवढीच आपली चूक आहे, आणि पहिल्या खेपेस ती बहुतेकांच्या हातून होते. सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पातळ थर फेरिक क्लोराइडमध्ये शांतपणे विरघळतो. त्यासाठी द्रावण थोडे कोमट करावे लागते. अ‍ॅल्युमिनियम हा तांब्यापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील धातू आहे. त्याच्यावर ऑक्साइडची अतिशय पातळ पापुद्री असते, म्हणून पहिले काही क्षण काहीच घडत नाही असे वाटते. ती पापुद्री फुटली की द्रावणातील लोह बाहेर पडते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, भरपूर उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. ती इस्त्रीच्या उष्णतेने चिकटते, तशीच उकळत्या द्रावणात मऊ होऊन सुटते.

मोरचूद चालेल, किंबहुना पहिल्या कामासाठी मी तेच सुचवीन. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात) चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यात विळ्याचे पाते किंवा खिळा बुडवता आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवता. येथेही तीच क्रिया हवी आहे, फक्त लोखंडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आहे : अ‍ॅल्युमिनियम विरघळते आणि मोरचुदातील तांबे लाल गाळाच्या रूपाने बाहेर पडते. नुसत्या मोरचुदाने मात्र ती ऑक्साइडची पापुद्री सहज फुटत नाही. मीठ घातल्यावर फुटते. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम साधे मीठ विरघळवावे. मीठ पडताच निळा रंग हिरवट होतो, त्याने घाबरू नये. भांडे प्लॅस्टिकचेच घ्यावे. बोर्डोसाठी लोखंडी बादली का वापरत नाहीत, हे बागाईतदाराला सांगण्याची गरज नाही.

हे द्रावणही तापते, म्हणून डबा त्यात सोडून देऊ नये. ३० ते ४० सेकंद बुडवावा, बाहेर काढून साध्या पाण्यात थंड करावा, जुन्या दातांच्या ब्रशने लाल गाळ अगदी हलक्या हाताने झाडावा आणि पुन्हा बुडवावा. शक्य असल्यास कोरायची बाजू खाली करून धरावी, म्हणजे गाळ रेषांत न साचता खाली पडतो. अशा १० ते १५ बुडींमध्ये नखाला जाणवेल इतकी खोली येते, आणि तेवढी पुरेशी आहे. द्रावणाचे भांडे थंड पाण्याच्या मोठ्या टबात ठेवावे. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि टाकीतले पाणी आधीच तापलेले असते. त्या दिवसांत हे काम पहाटे, माठातले पाणी घेऊन करावे. काम उघड्यावर करावे, भांड्यावर झाकण ठेवू नये, जवळ विडी किंवा चूल नसावी, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर फवारणीचा चष्मा असावा.

आता नक्षीविषयी, कारण माझ्या मते आपल्या डब्याचे निम्मे नुकसान तेथेच ठरले होते. आपण अक्षरे उठावदार ठेवून भोवतालची सगळी पार्श्वभूमी खोदायला काढली. जितका धातू उघडा, तितकी उष्णता अधिक. पहिल्या वेळी याच्या उलट करावे : अक्षरे खोलगट कोरावीत आणि बाकीचा पृष्ठभाग झाकावा. त्यासाठी काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे, तीही आरशातल्यासारखी उलटी, लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्स यंत्रावर चकचकीत कागदावर छापून घ्यावीत. शाईच्या प्रिंटरची छाप उतरत नाही. काळ्या मोठ्या भागात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, ती नेलपॉलिशने बुजवावीत. डब्याच्या बाकीच्या बाजूंवर चिकटपट्टी लावावी. चकचकीत कागद यंत्रात घालायला दुकानदार तयार नसेल, तर तालुक्याच्या गावी गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरे कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जावे. त्याने कापलेले स्टिकर धातूवर घट्ट बसते आणि ठळक अक्षरांसाठी टोनरपेक्षा सोपे पडते. बारीक वेलबुट्टी मात्र त्यात साधत नाही, आणि द्रावण तापले तर त्याचीही कड उचलते.

छाप नीट बसणे हे जवळजवळ पूर्णपणे घासण्यावर अवलंबून आहे. डबा २२० आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट घासावा, अ‍ॅसिटोनने पुसावा आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणावर टोनर धरत नाही. आधी डबाच इस्त्रीने तापवावा, मग कागद ठेवून ४ ते ५ मिनिटे दाब द्यावा. पूर्ण थंड झाल्यावर २० मिनिटे पाण्यात भिजवून कागद अंगठ्याने चोळून काढावा. छिद्रे शेवटी पाडावीत. माझ्या पहिल्या डब्याला मी ती आधी पाडली होती, त्यांतून द्रावण आत शिरले आणि कडा कुरतडल्या गेल्या. फुटस्विचसाठी (पायाने दाबायच्या बटणासाठी) १२ मिलिमीटर, पॉटसाठी (आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या बटणासाठी) साधारण ७ आणि जॅकसाठी (गिटारची वायर खुपसायच्या खाचेसाठी) साधारण १० मिलिमीटरचे छिद्र लागते. तरी आपले सुटे भाग मोजूनच पाडावे.

उरलेले द्रावण नालीत, विहिरीजवळ किंवा बागेत टाकू नये. तांबे माशांना घातक आहे आणि मिठाने संत्र्याची मुळे होरपळतात, त्यामुळे ते फवारणीत मिसळण्याचा विचारही करू नये. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे टाकून निळा-हिरवा रंग जाईपर्यंत ठेवावे, चुन्याची निवळी घालून गाळ बसू द्यावा, आणि तो वाळवून पिशवीत बांधून वेगळा ठेवावा.

बिघडलेला डबा फेकू नका. अशा ओतीव डब्याची भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड असते. खड्डे उथळ असतील तर १२० नंबरच्या कागदाने घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करता येतो. नवी पद्धत आधी त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर करून पाहावी.

प्रश्न : कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरून डब्याला आतून-बाहेरून लॅकर (पारदर्शक संरक्षक रंग) मारल्यावर पेडलमधून गुणगुण येऊ लागली. कोरण्यामुळे असे होते काय? (काटोल तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : कोरण्यामुळे नव्हे, आतल्या लॅकरमुळे. धातूचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला असेल तरच तो बाहेरची विद्युत गुणगुण अडवतो, आणि ही जोडणी बहुधा जॅकच्या बाहीमार्फत (डब्याला टेकणाऱ्या त्याच्या धातूच्या नळीमार्फत) होते. जॅक काढून त्याच्या छिद्राभोवतीचे आतले लॅकर चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावे, झाकण जेथे टेकते ती कडही मोकळी करावी आणि नट घट्ट आवळावा.