मुलाच्या फ्रेंचआधी तुमचे फ्रेंच

माँट्रियलच्या ताई, "आम्ही दोघेही पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलो, कॅनडात इंग्रजी चालते म्हणून आलो आणि आता सात वर्षांच्या मुलाला सक्तीने फ्रेंच शाळेत बसवले आहे, हा अन्याय नाही का?" असे तुम्ही विचारता. तुमची घालमेल मला समजते. अन्याय हा शब्द मात्र मला मान्य नाही. केंद्र सरकारने 1969 मध्ये इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला असला, तरी आपल्या क्विबेक प्रांताची अधिकृत भाषा एकटी फ्रेंचच आहे. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांची बहुतेक मुले पूर्वी इंग्रजी शाळांकडे वळत, म्हणून 1977 च्या भाषा-सनदेने, म्हणजे प्रांताच्या भाषाविषयक कायद्याने, त्यांना फ्रेंच शाळा लावली. इंग्रजी सरकारी शाळेचा हक्क मुख्यतः आईने किंवा वडिलांनी बहुतांश प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून घेतले असेल तरच मिळतो. पुण्याचा दाखला तिथे चालत नाही. मुंबईत वीस वर्षे राहून मराठी न शिकणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते जरा आठवा.

मला काळजी मुलाची नाही, तुमची आहे. "शाळेच्या चिठ्ठ्या तोच आम्हाला वाचून दाखवतो," हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे आणि मी नेमकी तिथेच थबकले. आमचा थोरला नऊ वर्षांचा असताना पालकसभेत आमचा दुभाषी असे. बाईंनी केलेली तक्रार त्याने "सगळं छान आहे" अशी भाषांतरित केली आणि आम्ही घरी येऊन पेढे वाटले. खरे कळल्यावर आमचे हे चाळिशी उलटूनही संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले. (फ्रान्समध्ये 'दिने' म्हणजे रात्रीचे जेवण, इथे दुपारचे. हा फरक शिकण्यापूर्वी आम्ही शेजाऱ्यांकडे जेवायला सहा तास उशिरा पोहोचलो होतो.) प्रांत सरकारचे हे वर्ग मोफत आहेत आणि 2023 पासून त्यांची नोंदणी 'फ्रान्सिझासियाँ क्विबेक' या फ्रेंच शिकवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे होते; शिवाय 2022 च्या कायद्यानुसार, आरोग्य व सुरक्षेसारखे अपवाद सोडले, तर सहा महिन्यांनंतर सरकार नवागतांशी फ्रेंचमध्येच व्यवहार करते. तेव्हा नाव या आठवड्यातच घाला, आणि दोघांनीही.

मुलगा मराठी विसरेल का? घरात तुम्ही दोघे आपसात इंग्रजी बोलणे थांबवा, तो विसरणार नाही. आणि सासूबाईंना कधी बोलवायचे, असे विचारता, तर जानेवारीच्या थंडीत बोलावू नका, मे महिन्यात बोलवा.