‘साइनिंग स्टेटमेंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एखाद्या विधेयकावर सही करतात आणि त्याबरोबरच त्या नव्या कायद्याविषयी एक लेखी मजकूर प्रसिद्ध करतात. इंग्रजीत त्याला ‘साइनिंग स्टेटमेंट’ म्हणतात. मराठी लेखात यासाठी ‘वटहुकूम’, ‘सशर्त मंजुरी’, ‘स्वाक्षरी-विधान’ आणि ‘शेरा’ यांपैकी कोणता शब्द चालेल?

चौघांपैकी एकही नको. ‘स्वाक्षरी-निवेदन’ म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात ‘विधेयकावर सही करताना काढलेले निवेदन’ असे उलगडून सांगावे. मात्र नामापेक्षा त्याच्यासोबतची क्रियापदे जास्त चुकतात. ती सुधारायची तर या कागदाने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे माहीत हवे.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील ७व्या कलमात विधेयकाच्या पुढच्या वाटा सांगितल्या आहेत. राष्ट्राध्यक्षाने सही केली की कायदा झाला. सही करायची नसेल तर आक्षेप लिहून, ज्या सभागृहात विधेयक प्रथम मांडले गेले तिकडे परत पाठवायचे; हा नकाराधिकार. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी तो मोडता येतो. रविवार सोडून १० दिवस काहीच केले नाही तर सहीशिवाय कायदा होतो. पण त्या मुदतीत काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, अधिवेशन संपल्यामुळे विधेयक परत पाठवता आले नाही, तर ते बारगळते. आक्षेप लिहिणे बंधनकारक आहे ते विधेयक परत पाठवताना. सही करताना काही लिहावे असे घटना म्हणत नाही, लिहू नये असेही म्हणत नाही. स्वाक्षरी-निवेदन उभे आहे ते या मोकळ्या जागेत.

म्हणून ‘सशर्त मंजुरी’ चूक. सहीला अट जोडता येत नाही. काही तरतुदींना हो आणि काहींना नाही, असेही करता येत नाही. खर्चाच्या ठरावीक बाबी वगळण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणारा कायदा १९९६ साली झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. सही होते ती अख्ख्या विधेयकावर. बातमीत ‘राष्ट्राध्यक्षांनी कायद्यातील अमुक तरतूद निवेदनाद्वारे रद्द केली’ असे लिहिले, तर ते साफ खोटे असते. तरतूद कायद्याच्या पुस्तकात जशीच्या तशी राहते. ‘कायद्यावर सही केली’ हेही टाळावे; सही विधेयकावर होते आणि सहीनंतर त्याचा कायदा बनतो.

‘वटहुकूम’ तर फारच लांबचा. आपल्याकडे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना निघणारा आणि कायद्याइतकेच बळ असलेला तो वटहुकूम. स्वाक्षरी-निवेदनाला असे कोणतेही बळ नाही. अमेरिकेतला ‘कार्यकारी आदेश’ही वेगळा, त्याला क्रमांक असतो आणि तो तिथल्या संघराज्य राजपत्रात छापला जातो.

‘विधान’ हा शब्द वरवर बरोबर वाटतो, पण विधानसभेतल्या ‘विधान’चा अर्थ कायदा करणे असा आहे. कायद्याच्या चर्चेत ‘स्वाक्षरी-विधान’ वाचले की सहीमधून कायदा घडवण्याचा भास होतो, आणि वाद तर नेमका त्यावरच आहे. ‘निवेदन’ला मात्र मराठी विधिमंडळात घर आहे. महाराष्ट्राच्या विधेयकांना ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते. ते कायद्याचा भाग नसते, पण कायदा का केला हे सांगते. स्वाक्षरी-निवेदनही संहितेबाहेरच राहते. फरक वेळेचा आणि लेखकाचा: आपले निवेदन विधेयक मांडणारा आधी लिहितो, अमेरिकेतले निवेदन सही करणारा शेवटी लिहितो. एक काळजी घ्यावी. मराठीत ‘निवेदन दिले’ म्हटले की जिल्हाधिकारी कचेरीवर गेलेले शिष्टमंडळ डोळ्यांसमोर येते, म्हणजे खालून वर केलेली मागणी. म्हणून राष्ट्राध्यक्षांनी निवेदन ‘काढले’ किंवा ‘प्रसिद्ध केले’ असे लिहावे.

राहिला ‘शेरा’. हा शब्द मोह पाडतो, कारण त्यात खरेच काही पकडले गेले आहे. वरिष्ठाने कागदावर मारलेला शेरा हाताखालच्यांनी काय करायचे ते सांगतो, आणि स्वाक्षरी-निवेदनाचा खरा वाचकही बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालची खातीच असतात. पण शेरा त्याच कागदावर असतो, हे निवेदन वेगळ्या कागदावर. हा फरक किरकोळ नाही. १८४२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी प्रतिनिधिगृहातील जागावाटपाच्या विधेयकावर सही केली आणि आपली कारणे लिहून तो कागद परराष्ट्रमंत्र्यांच्या दप्तरी ठेवायला दिला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्यावर कडक आक्षेप घेतला: हे सार्वजनिक दस्तऐवजांचे विद्रूपीकरण आहे. कायद्याशेजारी परका कागद ठेवणेही त्यांना खपले नाही, मग शेऱ्याची गोष्टच नको. टीकालेखात ‘हा शेरा मारून बुश मोकळे झाले’ असे कुणी लिहिले तर मी हरकत घेणार नाही. पारिभाषिक शब्द म्हणून मात्र तो वापरू नये.

आता क्रियापदांकडे. स्वाक्षरी-निवेदनात चार वेगवेगळ्या गोष्टी आढळतात आणि मराठीत त्या सरमिसळ होतात. पुष्कळ निवेदने निव्वळ कौतुकाची असतात: विधेयक आणणाऱ्यांचे आभार, कायद्याचा फायदा. तिथे ‘स्वागत केले’ एवढे पुरते. काहींत संदिग्ध तरतुदीचा अर्थ सांगितलेला असतो. तिथे ‘अमुक अर्थ लावू, असे जाहीर केले’. काहींत तरतूद घटनेशी विसंगत असल्याचे म्हटलेले असते. तिथे ‘घटनात्मक आक्षेप नोंदवला’. आणि काहींत बंधनकारक दिसणारी तरतूद केवळ शिफारसवजा समजू, असे सांगितलेले असते. हा चौथा प्रकार सर्वांत गंभीर, कारण ‘करावेच लागेल’चे ‘करावे, अशी सूचना’ होते.

याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे जेरुसलेमची तरतूद. ३० सप्टेंबर २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश (धाकटे बुश) यांनी परराष्ट्र खात्याच्या २००३ या आर्थिक वर्षासाठीच्या विधेयकावर सही केली. त्याच्या २१४व्या कलमात असे होते की जेरुसलेममध्ये जन्मलेल्या अमेरिकी नागरिकाने मागणी केल्यास पासपोर्टवर जन्मस्थान ‘इस्रायल’ लिहावे. बुश यांचे निवेदन म्हणाले की हे कलम बंधनकारक मानले, तर परराष्ट्र धोरण चालवण्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक अधिकारात ढवळाढवळ होते, आणि जेरुसलेमविषयीचे (ते कोणत्याच देशाचे न मानण्याचे) धोरण बदललेले नाही. परराष्ट्र खाते पासपोर्टवर ‘जेरुसलेम’च लिहीत राहिले. जेरुसलेममध्ये त्याच वर्षी जन्मलेल्या एका मुलाच्या आईवडिलांनी पुढे दावा लावला. झिवोटोफ्स्की खटला म्हणून तो ओळखला जातो. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

हे मराठीत लिहिताना ‘बुश यांच्या निवेदनामुळे तरतूद रद्द झाली’ असे लिहिण्याची घाई होते. तसे घडलेले नाही. निवेदनाने आक्षेप नोंदवला, खात्याने त्यानुसार वर्तन केले, तरतूद घटनाबाह्य ठरवली ती न्यायालयाने, जवळजवळ १३ वर्षांनी. तीन कर्ते, तीन क्रियापदे. मधल्या काळात तरतूद पुस्तकात होती आणि अंमलात नव्हती. या निवेदनांविषयीची सगळी अस्वस्थता त्या मधल्या काळात आहे. न्यायालयापर्यंत न पोहोचणाऱ्या तरतुदींबाबत तो काळ संपतच नाही.

भाषांतराला सर्वांत कठीण निवेदन ३० डिसेंबर २००५चे. कैद्यांना क्रूर आणि अमानुष वागणूक देण्यास मनाई करणारी, सिनेटर मॅकेन यांनी आणलेली तरतूद संरक्षण खर्चाच्या कायद्यात आली होती. बुश यांचे वाक्य मराठीत साधारण असे होईल: कार्यकारी शाखा या प्रकरणाचा अर्थ, एकसंध कार्यकारी शाखेवर देखरेख करण्याच्या आणि सरसेनापती म्हणून असलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक अधिकारांशी सुसंगत राहील अशा रीतीने लावील. ‘मनाई पाळणार नाही’ असे या वाक्यात कुठेही नाही. पण प्रसंगी ती बाजूला ठेवण्याची वाट त्यात मोकळी राहते, असे टीकाकारांनी म्हटले, आणि ते रास्त होते. म्हणून भाषांतरात ‘सुसंगत राहील अशा रीतीने’ हे शब्द गाळू नयेत. सगळा भार त्यांच्यावर आहे. आणि नुसते वाक्य देऊन थांबूही नये, त्यातून काय सुटते तेही सांगावे. जुलै २००६ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने, नको असलेल्या तरतुदी न पाळण्याचा इरादा सांगणारी निवेदने सत्ताविभाजनाला बाधक आहेत, असा अहवाल दिला.

न्यायालये या निवेदनांना किती मोजतात, हेही शब्दांत जपून यावे. फेब्रुवारी १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, न्याय खात्यातील तेव्हाचे अधिकारी सॅम्युएल ॲलिटो यांनी एका टिपणात मांडले की कायदा होण्यास राष्ट्राध्यक्षाची संमतीही लागते, तर अर्थ लावताना त्याची समजूतही काँग्रेसच्या हेतूइतकीच महत्त्वाची धरावी. त्याच सुमारास कायद्यांच्या पूर्वेतिहासाच्या एका प्रसिद्ध खासगी संकलनात ही निवेदने छापण्याची व्यवस्था झाली. मात्र ग्वांतानामोतील कैद्याच्या २००६च्या हमदान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने २००५च्या त्या निवेदनाची दखलच घेतली नाही, आणि न्यायमूर्ती स्कालिया यांनी आपल्या भिन्न मतात त्याबद्दल नापसंती नोंदवली. म्हणून ‘न्यायालयासाठी मार्गदर्शक’ असे विशेषण लावू नये.

नको असलेले विधेयक परत का पाठवत नाहीत, हेही वाचक विचारतो. बऱ्याचदा नको असलेली तरतूद मोठ्या खर्चाच्या विधेयकाच्या पोटात असते. परत पाठवले तर खात्यांचा पैसा थांबतो. कधी मतांचा आकडाच वाट बंद करतो. रशिया, इराण आणि उत्तर कोरियावरील निर्बंधांचे विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात ४१९ विरुद्ध ३ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. नकाराधिकार टिकणे अशक्य होते. ट्रम्प यांनी २ ऑगस्टला सही केली आणि त्याच दिवशी एक नव्हे, दोन निवेदने काढली. उद्धृत करताना त्यांतले कोणते, ते सांगावे.

मूळ मजकूर पाहायचा तर कायद्याची अधिकृत संहिता चाळून उपयोग नाही. तिथे तो नसतो. सुट्या छापील कायद्याच्या अखेरीस ‘विधिमंडळीय इतिहास’ अशी छोटी टीप असते. राष्ट्राध्यक्षांच्या दस्तऐवजांच्या संकलनात निवेदन आले असेल, तर त्याची तारीख तिथे दिलेली असते. हे संकलन २००९च्या सुरुवातीपर्यंत साप्ताहिक होते, नंतर दैनिक झाले. सही झाल्याची तारीख धरून त्यात शोधले की निवेदन सापडते. सही करतानाचे भाषण वेगळ्या मथळ्याखाली असते. त्यालाही ‘स्वाक्षरी-निवेदन’ म्हणू नये.