बिलाची तारीख आधी बघा, गिअरबॉक्स नंतर उघडा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. जुनी ऑटोमॅटिक गाडी, इंजिन तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना कधीकधी जोराचा झटका. गॅरेजने व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलवणारा गिअरबॉक्समधला भाग, बदलली म्हणून बिल लावलं. महिन्याभरात झटका परत सुरू झाला. त्यानंतर तुम्ही चार वेळा गाडी नेली आणि चारही वेळा 'ट्रायलमध्ये दोष आढळला नाही' असं लिहून ती परत मिळाली. आता दुसरा मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स खोलतो, खरं कारण सापडेल. पैसे परत मिळतील का, हा तुमचा प्रश्न. गाडी आणि गॅरेज बदलून हेच पत्र मला वारंवार येतं.

पैसे मिळतील की नाही, हे आज सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की बिल बावीस महिन्यांपूर्वीचं आहे. सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषात हे कारण नेमकं कधी घडलं, यावर वाद घालता येतो. झटका पहिल्यांदा परत आला तो दिवस धरा, किंवा गॅरेजने शेवटी हात वर केले तो दिवस धरा. दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि वेळ आलीच तर तुमचा वकील बोलेलही. पण ज्याच्या हातात अजून दोन महिने आहेत, त्याने त्या वादात शिरायचंच कशाला? सर्वांत आधीची तारीख, म्हणजे बिलाची, धरून चाला आणि तिच्या आत तक्रार दाखल करा.

'आमचं बोलणं चालूच होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ते बघतो म्हणत होते,' असं तुम्ही लिहिता. बोलणी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही, पत्रव्यवहाराने ती वाढतही नाही. मुदत उलटून गेली तर विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण द्यावं लागतं आणि आयोगाला ते आदेशात नोंदवावं लागतं. 'गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवला' हे कारण कुठे चालतं, कुठे चालत नाही. बावीस महिने तुम्ही गॅरेजला दिलेत. त्यातले दोन दिवस एखाद्या वकिलाला दिले असते, तर हे पत्र इतक्या घाईत लिहावं लागलं नसतं. मी रागावतो आहे, कारण गाडीचा दोष खरा असूनही केवळ तारखेपायी हरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता गिअरबॉक्स. तो तूर्त उघडू नका.

तुमच्या मेकॅनिकचा हेतू चांगला असेल. पण गिअरबॉक्स एकदा खोलला की ऑइल बाहेर येतं, गॅस्केट निघतं, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा जागच्या हलतात. मग सामनेवाला, म्हणजे तुमचं गॅरेज, एकच वाक्य लिहील: आमच्यानंतर तिसऱ्याने हात लावला, दोष त्याचा. त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरणार नाही. ऑइल पॅनमधल्या चुंबकाचंच बघा. जुन्या गिअरबॉक्सच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप सापडणं हे नेहमीच्या झिजेचं लक्षण आहे. धातूचे कपचे किंवा तुकडे सापडले, तर गोष्ट वेगळी. हा फरक सांगणारा पुरावा पॅन पहिल्यांदा उघडताना एकदाच दिसतो. पुसून टाकलेल्या चुंबकाला कोण विचारणार?

म्हणून क्रम असा ठेवा की आधी तक्रार दाखल होईल. तिच्यासोबतच तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज द्या आणि पॅन उघडायचा तो दोन्ही पक्षांसमोर, फोटो काढत, ऑइलचा नमुना बाटलीत सीलबंद करून. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर ती प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम 38 मध्ये आहे. तुमची तक्रार मात्र सुट्या भागाची कमी आणि सेवेतल्या त्रुटीची जास्त आहे, त्यामुळे अर्ज मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. नामंजूर झाला तर गॅरेजला लेखी तारीख कळवून स्वतंत्र जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि त्याचं शपथपत्र जोडा. त्रुटी सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, गॅरेजवर नाही.

न उघडताही बरंच काही करता येतं आणि ते आजपासून करा. झटका आला की वहीत लिहा: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, कोणत्या गिअरमधून कोणत्यात, चढ होता का, एसी चालू होता का. शेजारी बसलेल्याला डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्यायला सांगा, स्वतः चालवताना फोन हातात घेऊ नका. स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावायचा तो गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा. साध्या स्कॅनरवर पी0700 हा कोड एवढंच दिसतं. त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवलंय, काय ते आत जाऊन वाचावं लागतं. कोडसोबत फ्रीज फ्रेम असेल तर त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान मिळतं. तुमच्यासारख्या 'कधीकधी' होणाऱ्या दोषात याहून बोलका साक्षीदार नाही. कोड पुसला की तोही जातो. तुम्ही लिहिता की गॅरेजने दरवेळी कोड 'क्लिअर करून' दिला. ते वाक्य तक्रारीत ठळकपणे आलं पाहिजे. यापुढे कुणाला कोड पुसू देऊ नका.

सामनेवाला काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तुटलेलं इंजिन माउंटिंग, इंजिनचं मिसफायर, कमजोर बॅटरी, कंट्रोलरच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं ऑइल, यांतल्या कशानेही गिअर झटका देतोय असं वाटू शकतं. मध्यंतरी दुसरीकडे ऑइल बदललं असेल तर चुकीचं ऑइल घातलं असंही म्हणतील. तसं झालं असेल तर माझ्यापासून लपवलंत तरी चालेल, तुमच्या वकिलापासून नको. तपासणाऱ्याने ही कारणं एकेक करून बाजूला काढून तसं लिहून द्यायला हवं. नुसतं 'गिअरबॉक्स खराब' असं लिहिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही.

'गाडीच जुनी' हा बचाव तर येणारच. त्याला घाबरू नका. तुम्ही नवा गिअरबॉक्स मागत नाही, ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालं का एवढंच विचारताय. बदललेली जुनी व्हॉल्व्ह बॉडी तुम्हाला परत दिली का? नव्या भागाचं खरेदी बिल दाखवलं का? दोन्ही आजच लेखी मागा. उत्तर आलं नाही तर न आलेलं उत्तरही कामाला येतं.

तुम्ही पाठवलेले जॉब कार्डांचे फोटो मी मोठे करून पाहिले. पहिल्यावर 'गिअर शिफ्टिंग जर्क, गरम असताना' असं स्पष्ट आहे. दुसऱ्या-तिसऱ्यावर नुसतं 'जर्क'. चौथ्यावर 'जनरल चेकअप', आणि खाली 'काम समाधानकारक' या छापील ओळीसमोर तुमची सही. न वाचता केली असणार. या सहीने प्रकरण बुडत नाही, पण ती तुम्हाला महाग पडेल. तो दिवस आणि काउंटरवर काय बोलणं झालं, हे शपथपत्रात प्रामाणिकपणे सांगावं लागेल. त्याच संध्याकाळी तुम्ही 'अजून झटका येतोच आहे' असा मेसेज टाकला होता. त्या मेसेजने सहीचं बरंच विष उतरतं. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना न्यायालयाइतका चिकटून नसतो, तरी आक्षेपाला जागा ठेवू नये.

बाकीचं सोपं आहे. तक्रारीआधी गॅरेजला नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही. पाठवा, पंधरा दिवस द्या, पण तिच्या उत्तरासाठी तक्रार अडवून ठेवू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीला पक्षकार करू नका. वॉरंटी संपलेली आहे आणि एक जादा पक्षकार म्हणजे नोटीस बजावण्यातच जाणाऱ्या जादा तारखा.

तारखांचं म्हणाल तर कायदा म्हणतो, सामनेवाल्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि त्याची चीड मला रोज येते. एवढं मात्र हातात आहे: सामनेवाल्याला लेखी उत्तरासाठी 30 आणि वर 15, असे 45 दिवसच मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये हे पक्कं केलं आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी आयोगासमोर ते लक्षात आणून द्या, कुणी आपणहून आणून देईलच असं नाही.

तोवर गाडी कमी चालवा. ओव्हरटेक करताना गिअर सुटत असेल तर अजिबात चालवू नका. जिवाचा प्रश्न आहेच, शिवाय 'दोष असूनही चालवून वाढवला' असं म्हणायची संधीही मिळते.

आणि त्या चौथ्या जॉब कार्डाची कार्बन प्रत फोटोतही फिकी दिसते आहे, तारीख जेमतेम वाचता येते. उद्या नको, आजच तिची झेरॉक्स काढा.