खिळ्यावरची चावी

"रात्री साडेअकराला आला. बूट काढताना भिंतीला धरत होता, तोंडाला वास येत होता. मी वरणभात वाढला अन् गप्प बसले. मॅडम, ह्यांना सांगू की नको?"

नाशिकची ही आई रुमालाची घडी घालत, मोडत बोलत होती. मुलगा बारावीत, सतरा वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हाच प्रश्न घेऊन कितीतरी आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

"घरी आला कसा?" मी विचारलं.

"स्कूटरवर. क्लासलाही तीच नेतो."

बिअरबद्दल ती अर्धा तास बोलली होती, स्कूटरचं नावही निघालं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला तो तिथे.

मी सांगितलं, लपवू नका, दोघं मिळून या. वडील आले. "आमच्याकडे सगळीच पोरं चालवतात. हा तर नववीपासून चालवतो." सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, यांची ११० सीसीची. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीमालकालाच दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायचं तेही पालकांनीच. आणि यांच्या घरी चावी दाराजवळच्या खिळ्यावर, रोज मुलाच्या हाताशी. २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते कारच्या धडकेत गेले, तेव्हा ती चालवणारा सतराच वर्षांचा होता. वडील खाली बघत राहिले.

मुलगा माझ्याशी एकटा बोलला. "मित्राचा वाढदिवस होता. फोन केला असता तर बाबांनी सगळ्यांसमोर मारलं असतं." मार चुकवायला हा पोरगा झोकांड्या खात सहा किलोमीटर आला होता!

म्हणून मी सुचवलं: असा फोन आला तर घ्यायला जायचं, रात्री एक शब्द बोलायचा नाही, बोलायचं ते सकाळी चहानंतर.

"म्हणजे पी म्हणू का त्याला?" वडील उसळले.

"नाही. पिऊ नको, हे ठासून सांगा. महाराष्ट्रात एकविशीच्या आत बिअरही चालत नाही. पण प्यायलाच, तर गाडीला हात न लावता कुणाला फोन करायचा, हे आजच ठरवा."

हे मान्य करायला त्यांना तीन भेटी लागल्या. चावी आता कपाटात असते. मुलगा सिटीलिंकच्या बसने क्लासला जातो, दोनदा उशीर झाला म्हणून चिडलाय. वडिलांशी अजून धड बोलत नाही. पण त्यांचा नंबर त्याने फोनमध्ये सगळ्यात वर ठेवलाय, हे आईनं मला हळूच सांगितलं.